रक्त पातळ करण्याच्या गोळीसोबत जिनसेंग: आधी आयएनआर, मग बाकीचं

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे वाचणाऱ्या इतरांनाही संदर्भ लागेल. तुमचे वडील ६४ वर्षांचे. चार वर्षांपूर्वी त्यांच्या हृदयातला मायट्रल व्हॉल्व्ह (झडप) बदलून मेकॅनिकल, म्हणजे लोक ज्याला मेटलचा म्हणतात तो, बसवला. रक्त पातळ राहावं म्हणून ॲसिनोकुमारॉल, मधुमेहासाठी मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड, शिवाय हृदयाची गती कमी ठेवणारी मेटोप्रोलॉल अशा गोळ्या चालू आहेत. दोन-तीन महिन्यांपासून त्यांना फार थकवा येतो. भाच्याने कोरियाहून लाल जिनसेंगच्या (ताकदीसाठी घेतात त्या मुळाच्या) अर्काची बाटली आणली आणि दहा दिवसांपासून बाबा रोज सकाळी त्यातला एक चमचा कोमट पाण्यात घेत आहेत. तुम्ही विचारलंय की हे चालू ठेवावं का, नागपूरच्या मिहानमध्ये रात्रपाळी करणाऱ्या तुमच्या मिस्टरांनीही घ्यावं का, आणि आई म्हणतात तसं, त्यापेक्षा आपली अश्वगंधाच बरी नाही का.

पहिलं काम आजचं आहे. जिनसेंग आज थांबवा आणि बाबांचा आयएनआर (रक्त किती पातळ आहे ते सांगणारी तपासणी; आकडा जास्त म्हणजे रक्त जास्त पातळ) आजच, फार तर उद्या सकाळी करून घ्या. मायट्रलच्या जागी मेकॅनिकल व्हॉल्व्ह असेल तर आयएनआर साधारण २.५ ते ३.५ च्या दरम्यान ठेवावा लागतो. तो घसरला की व्हॉल्व्हवर गुठळी बसू शकते आणि तिथून सुटलेला तुकडा थेट मेंदूत जाऊ शकतो. रिपोर्ट तुमच्या हृदयरोगतज्ज्ञांना दाखवा आणि जिनसेंगचं नाव घेऊन सांगा: किती दिवस घेतलं, किती चमचे, कधी थांबवलं. आयएनआर कमी आला म्हणून घरच्या घरी गोळी वाढवू नका. जिनसेंग चालू असताना वाढवलेला डोस जिनसेंग थांबल्यावर जास्तीचा ठरतो, आयएनआर चढत जातो आणि मग हिरड्यांतून, लघवीतून, कधी पोटात रक्तस्राव होतो. म्हणून आजचा रिपोर्ट बरोबर आला तरी आठवड्याने पुन्हा एकदा आणि त्याच्या पुढच्या आठवड्यात आणखी एकदा तपासा.

मेकॅनिकल व्हॉल्व्ह असलेल्या माणसाच्या छातीतून रात्रीच्या शांततेत बारीक टिकटिक ऐकू येते. घरच्यांना तिची इतकी सवय झालेली असते की तिच्याकडे लक्षही जात नाही. या दिवसांत मात्र मुद्दाम लक्ष द्या. ती टिकटिक दबकी झाली किंवा ऐकूच येईनाशी झाली, आडवं झाल्यावर दम लागू लागला, तोंड वाकडं झालं, बोलताना जीभ अडखळली, एका हातातली ताकद गेली, तर रिपोर्टची वाट पाहू नका. हृदयरोग विभाग असलेल्या रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत सरळ घेऊन जा, मग रात्रीचे दोन वाजलेले असोत.

इतकं घाबरण्यासारखं खरंच काही आहे का, असं तुमच्या मनात येईल. १९९७ साली वैद्यकीय नियतकालिकात एका ४७ वर्षांच्या अमेरिकन रुग्णाची हकिगत छापून आली. त्यालाही मेकॅनिकल व्हॉल्व्ह होता, वॉरफरिन ही रक्त पातळ करणारी गोळी नीट बसलेली होती, आयएनआर ३.१ होता. जिनसेंगच्या कॅप्सूल सुरू केल्यावर दोन आठवड्यांत तो १.५ वर आला, आणि बंद केल्यावर पुन्हा पूर्वीच्या पातळीवर गेला. पुढे २००४ साली शिकागोत २० निरोगी माणसांना वॉरफरिनसोबत अमेरिकन जिनसेंग देऊन पाहिलं, तेव्हाही आयएनआर खाली आला. मात्र त्याच वर्षी ऑस्ट्रेलियात निरोगी पुरुषांवर कोरियन जिनसेंगचा तसाच प्रयोग झाला आणि त्यात फरक दिसला नाही. म्हणजे पुरावा एका बाजूला झुकलेला असला तरी एकमुखी नाही, हे मी लपवत नाही. पण त्या प्रयोगांतली माणसं धडधाकट होती. बाबांच्या छातीत मेकॅनिकल व्हॉल्व्ह आहे. फायदा झाला तर थोडीशी तरतरी आणि तोटा झाला तर पक्षाघात, असा हिशेब असेल तर मी माझ्या कोणत्याही व्हॉल्व्हच्या रुग्णाला हे घेऊ देत नाही. ॲसिनोकुमारॉल ही वॉरफरिनच्याच कुटुंबातली गोळी आहे, तेव्हा नाव वेगळं म्हणून सवलत नाही.

यात आणखी एक गुंता आहे. प्रयोगशाळेत जिनसेंगमधली काही द्रव्यं प्लेटलेट्सना, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या बारीक पेशींना, एकमेकींना चिकटू देत नाहीत, म्हणजे तिथे ती रक्त पातळ होण्याच्या दिशेने काम करतात. कोरियात तर लाल जिनसेंगच्या बाटलीवर रक्तप्रवाह सुधारण्याचा दावा याच आधारावर छापलेला असतो. तो वाचून कुणाला वाटेल की हृदयाच्या रुग्णाला हे चांगलंच. पण ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल घेणाऱ्याला याच गुणामुळे रक्तस्राव वाढण्याची भीती, आणि ॲसिनोकुमारॉल घेणाऱ्याला उलट गुठळीची भीती. अँजिओप्लास्टी झालेल्यांनीही म्हणून हे स्वतःच्या मनाने सुरू करू नये.

आता बाबांच्या थकव्याकडे येतो, कारण तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच वाटली. दोन-तीन महिने टिकलेला थकवा म्हणजे शरीरात काहीतरी बिनसल्याची खूण असते. जिनसेंगने चार दिवस बरं वाटलंच, तर ती खूण झाकली जाते आणि मूळ कारण आत वाढत राहतं. बाबांच्या बाबतीत तर कारणांची यादी मला इथे बसून दिसते.

सगळ्यात आधी हिमोग्लोबिन. रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्या माणसाच्या आतड्यातून थेंब-थेंब रक्त महिनोन्‌महिने जाऊ शकतं. दुखत नाही, खुपत नाही, फक्त माणूस दमत जातो. बाबांना शौचाचा रंग विचारा. डांबरासारखं काळं, चिकट होत असेल तर तीच महत्त्वाची खूण आहे. लोहाची गोळी चालू असेल तर त्यानेही काळं होतं, म्हणून तेही सांगा. आपल्याकडची वडीलमाणसं ही गोष्ट मुलीजवळ बोलायला संकोचतात. आईंना विचारायला सांगा, पण विचारा.

मेकॅनिकल व्हॉल्व्हच्या कडेने गळती होत असेल तर तिथून वेगाने जाणाऱ्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात, त्यानेही हिमोग्लोबिन उतरतं. त्यासाठी एलडीएच ही साधी रक्ततपासणी आणि एक इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, पुरतो. इको शेवटचा कधी झाला ते फाइलमध्ये पाहा. वर्ष उलटून गेलं असेल तर तो तसाही करायलाच हवा.

मग बी१२. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतल्याने बी१२ कमी होतं, आणि घर शाकाहारी असेल तर आणखी लवकर. तळपायाला मुंग्या येतात का, अंधारात चालताना तोल जातो का, हे विचारा. याचा इलाज स्वस्त आणि खात्रीचा आहे. जिनसेंगच्या एका बाटलीच्या किमतीत बी१२ची इंजेक्शनं कितीतरी महिने होतील, आणि फरकही डोळ्यांना दिसेल.

मेटोप्रोलॉलनेही काहींना गळाल्यासारखं वाटतं. नाडी मोजा. मिनिटाला ५० च्या खाली असेल तर डॉक्टरांना कळवा, पण गोळी स्वतःहून बंद करू नका. ती एकदम बंद करणं धोक्याचं आहे. याशिवाय थायरॉइड, क्रिएटिनिन आणि तीन महिन्यांची सरासरी साखर एवढं एकदाच करून घ्या. आणि बाबा रात्री घोरतात का, मध्येच श्वास अडकून दचकून उठतात का, दुपारी पेपर वाचता वाचता डुलकी लागते का, हेही पाहा. अंबाझरीला रोज फिरायला जाणारा माणूस हल्ली घराबाहेर पडायला नको म्हणतो, असं तुम्ही लिहिलंय. ते दम लागतो म्हणून असेल तर हृदयाचा प्रश्न आहे, मन लागत नाही म्हणून असेल तर नैराश्याचा. दोन्हींवर उपाय आहे, पण आधी कुणीतरी शेजारी बसून विचारायला हवं.

साखरेचंही सांगतो. टोरंटोत २००० साली एक लहान पण नीट केलेला अभ्यास झाला. ग्लुकोजचं पाणी देण्यापूर्वी ४० मिनिटं ३ ग्रॅम अमेरिकन जिनसेंग दिलं, तर मधुमेह असलेल्या आणि नसलेल्या दोघांचीही नंतरची साखर कमी चढली. हे ऐकायला छान वाटतं, पण बाबा ग्लिमेपिराइड घेतात आणि ती गोळी स्वतःच साखर खाली ओढते. संकष्टीला चंद्रोदयापर्यंत उपाशी राहणारे, त्यातच टेकडीच्या गणपतीला पायी जाऊन येणारे मधुमेही मला माहीत आहेत. अशा दिवशी ग्लिमेपिराइड, उपास, ऊन आणि वरून जिनसेंग असं जमलं की दुपारी घाम फुटून, हात थरथरून माणूस खाली बसतो. नवतपाच्या कडक उन्हाच्या दिवसांत तर घरच्यांना ते ऊन लागल्यासारखंच वाटतं आणि साखर तपासायची राहून जाते. बाबांना या दहा दिवसांत असं काही झालं का ते विचारा. मधुमेहाचा उपचार म्हणून जिनसेंग वापरण्याइतका पुरावा नाही, हेही सोबत लक्षात ठेवा.

रुग्णांना मी नेहमी सांगतो की येताना सगळी औषधं पिशवीत घालून आणा. लोक आणतातही, टेबलावर पिशवी रिकामी करतात, मी एकेक पट्टी उलटून पाहतो. जिनसेंग, अश्वगंधा, शिलाजित, प्रोटीनचा डबा यांतलं काहीही त्या पिशवीत नसतं. विचारलं की म्हणतात, “साहेब, ते तं ताकदीचं आहे, औषध थोडंच आहे?” त्यांचं चूक नाही, कारण भारतात यांतल्या बऱ्याच डब्यांवर अन्नसुरक्षा विभागाचाच परवाना असतो आणि ‘औषधी वापरासाठी नाही’ असं कायद्यानेच छापावं लागतं. कागदावर ते अन्न आहे. पण यकृताला कागद वाचता येत नाही. निरोगी स्वयंसेवकांना २८ दिवस कोरियन जिनसेंग दिल्यावर मिडाझोलाम नावाच्या औषधाचं रक्तातलं एकूण प्रमाण ३४ टक्क्यांनी कमी झालेलं मोजलं गेलंय, म्हणजे यकृत ते औषध जास्त वेगाने निकालात काढू लागलं. याच वाटेने जाणारी औषधं पुष्कळ आहेत. किडनी बदललेल्यांची टॅक्रोलिमस ही त्यातलीच एक, आणि तिथे प्रमाण घसरणं म्हणजे बसवलेली किडनी धोक्यात. रक्ताच्या कर्करोगावरचं इमॅटिनिब घेणाऱ्या एका रुग्णाला जिनसेंगयुक्त पेयं घेतल्यावर यकृताची इजा झाल्याची नोंद आहे.

जिनसेंग म्हणजे नेमकं काय, हे कळलं की बाजारात फसवणूक कमी होते. खरं जिनसेंग म्हणजे पॅनॅक्स प्रजातीतल्या झाडाचं मूळ. एक आशियाई किंवा कोरियन, दुसरं अमेरिकन. दोन्हींत जिन्सेनोसाइड नावाची द्रव्यं असतात, पण त्यांचं आपसातलं प्रमाण वेगळं, म्हणून एकावरचा अभ्यास दुसऱ्याला जसाच्या तसा लावता येत नाही. मूळ नुसतं वाळवलं की पांढरं जिनसेंग, वाफवून वाळवलं की लाल. वाफवताना त्यातली काही द्रव्यं बदलतात. लाल जिनसेंगसाठी कोरियात सहसा सहा वर्षांची मुळं वापरतात. इतकी वर्षं सावलीत, थंड हवेत राखायचं पीक स्वस्त कसं असेल? कुठे फार स्वस्त ‘असली कोरियन जिनसेंग’ मिळालं तर आधी शंका घ्या. सायबेरियन जिनसेंग या नावाने विकलं जातं ते वेगळंच झाड. त्यात जिन्सेनोसाइड नसतातच. अमेरिकेत २००२ पासून कायद्यानेच पॅनॅक्सखेरीज दुसऱ्या कशाला जिनसेंग म्हणून विकता येत नाही. आपल्याकडे मात्र हे नाव लेबलवर सैल हाताने वापरलेलं दिसतं.

बाटली हातात घ्या आणि उजेडात वाचा. चांगल्या कोरियन अर्काच्या बाटलीवर आरजी१, आरबी१ आणि आरजी३ या तीन जिन्सेनोसाइडचं मिळून मिलिग्रॅममधलं प्रमाण दिलेलं असतं, आणि अर्क स्वतः काळपट, काकवीसारखा घट्ट, चवीला कडू आणि मातकट असतो. गोड लागत असेल तर त्यात आणखी काय मिसळलंय ते वाचा. अशा टॉनिकांत ज्येष्ठमध असू शकतं, आणि ते रोज पोटात गेलं तर रक्तदाब चढतो, पोटॅशियम उतरतं. लघवी वाढवणारी गोळी घेणाऱ्या हृदयरोग्याला ते अजिबात नको. आपल्या मेडिकल स्टोअरमध्ये मिळणाऱ्या जिनसेंग आणि मल्टिव्हिटॅमिनच्या लोकप्रिय कॅप्सूलची गोष्ट निराळी. त्यात अर्क बऱ्याचदा ४२.५ मिलिग्रॅम असतो, तर अभ्यासांत प्रमाणित अर्काची मात्रा रोज २०० मिलिग्रॅमच्या आसपास असते. त्या कॅप्सूलने बरं वाटलं तर ते बहुधा त्यातल्या लोहाने, बी जीवनसत्त्वांनी किंवा मनाच्या उभारीने. तीही बाबांसाठी नकोच, कारण काही मल्टिव्हिटॅमिनमध्ये व्हिटॅमिन के असतं आणि ते थेट ॲसिनोकुमारॉलच्या विरोधात काम करतं.

आणि पुरुषांसाठी म्हणून बस स्टँडजवळ, जिमशेजारी, हल्ली मोबाइलवरच्या जाहिरातीतून जे ‘जिनसेंग पॉवर’ विकलं जातं, त्याबद्दल मी स्पष्ट बोलणार आहे. अशा उत्पादनांत सिल्डेनाफिल, म्हणजे व्हायग्रातलं औषध, गुपचूप मिसळलेलं असल्याचे इशारे अमेरिकेच्या औषध प्रशासनाने पुन्हा पुन्हा दिले आहेत. छातीत दुखल्यावर जिभेखाली गोळी ठेवणाऱ्या माणसाने हे घेतलं तर रक्तदाब इतका कोसळू शकतो की माणूस दगावतो. तास-दोन तासांत ‘गुण’ आला तर समजा की तो जिनसेंगचा नाही. खऱ्या जिनसेंगचा लैंगिक दुर्बलतेवर किती उपयोग होतो, याचा कोक्रेन या वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणाऱ्या संस्थेचा २०२१ चा आढावा आहे. ९ अभ्यास, ५८७ पुरुष, आणि निष्कर्ष असा की प्लासिबोपेक्षा, म्हणजे औषध नसलेल्या खोट्या गोळीपेक्षा, फरक झालाच तर नगण्य. या तक्रारीमागे मधुमेह, रक्तवाहिन्यांचा आजार किंवा एखादी चालू गोळी असते. लाज न बाळगता डॉक्टरांशी बोला, आम्हाला यात नवल वाटत नाही.

मग जिनसेंगचा उपयोग कशालाच नाही का? आहे, आणि तोही प्रामाणिकपणे सांगायला हवा. सगळ्यात भरवशाचा अभ्यास कर्करोगाच्या रुग्णांच्या थकव्यावरचा आहे. २०१३ साली अमेरिकेत ३६४ रुग्णांवर तो झाला. रोज २,००० मिलिग्रॅम अमेरिकन जिनसेंगचं मूळ घेणाऱ्यांचा थकवा आठव्या आठवड्यात प्लासिबो घेणाऱ्यांपेक्षा कमी झाला होता, आणि ज्यांचे उपचार तेव्हा चालू होते त्यांना फरक जास्त जाणवला. चौथ्या आठवड्याला मात्र ठोस फरक नव्हता, म्हणजे धीर धरावा लागतो. आपल्याकडे तुकडोजी कॅन्सर रुग्णालयात किंवा जामठ्याच्या एनसीआयमध्ये उपचार घेणाऱ्यांनी हे वाचून लगेच बाटली आणू नये. केमोचं औषध कोणतं, स्तनाचा कर्करोग संप्रेरकांशी निगडित आहे का, प्लेटलेट किती आहेत, यावर उत्तर बदलतं. ते तिथल्या ऑन्कॉलॉजिस्टनेच द्यावं. कॅनडात सर्दीवर एक अभ्यास झाला, त्यात चार महिने अमेरिकन जिनसेंगचा विशिष्ट अर्क घेणाऱ्यांना सर्दी थोडी कमी वेळा झाली. स्मरणशक्तीबद्दल मोठमोठे दावे केले जातात, पण निरोगी माणसाची बुद्धी त्याने वाढते असा पटण्याजोगा पुरावा नाही. परीक्षेच्या काळात मुलांना देणाऱ्या आईवडिलांना मी हात जोडून सांगतो, देऊ नका.

गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी घेऊ नये. उंदरांच्या गर्भावर आरबी१ या द्रव्याचा दुष्परिणाम प्रयोगशाळेत दिसलेला आहे. पाळी थांबल्यावर जिनसेंगने पुन्हा रक्तस्राव सुरू झाल्याच्या नोंदी आहेत. बायपोलर आजार असलेल्यांनी टाळावं, कारण त्याने मन अतिउत्तेजित होऊ शकतं. कोणतंही ऑपरेशन ठरलं असेल, अगदी दाढ काढायची असली तरी, किमान ७ दिवस आधी बंद करा आणि भूलतज्ज्ञांना सांगा.

आता तुमच्या मिस्टरांचं. वय ३८, कोणतीही गोळी नाही, रक्तदाब ठीक, अशा माणसाने प्रमाणित कोरियन अर्क रोज २०० मिलिग्रॅम दोन-तीन महिने घेऊन थांबवला तर बहुतेकांना काही अपाय होत नाही. जर्मनीच्या वनौषधी आयोगानेही साधारण तीन महिन्यांपर्यंतचाच वापर सुचवला होता. त्रास होतो तो मुख्यतः झोप उडण्याचा, डोकेदुखीचा, कधी पोट बिघडण्याचा, कुणाचा रक्तदाब चढण्याचा. म्हणून सुरू करण्यापूर्वी आणि नंतर दोन आठवड्यांनी रक्तदाब मोजावा, आणि घ्यायचंच तर झोपेतून उठल्या उठल्या घ्यावं, झोपायच्या आधी नाही. भाच्याची ही बाटली त्यांनी घेतली तर चमच्यात जिन्सेनोसाइड किती ते लेबलवर पाहूनच घ्यावी आणि उघडल्यावर फ्रिजमध्ये ठेवावी.

पण मला वाटतं त्यांना याची गरज नाही. रात्रपाळी संपवून सकाळी सात वाजता घरी येणाऱ्या माणसाचा थकवा हा झोपेच्या थकबाकीचा असतो. नागपूरच्या उन्हाळ्यात दुपारची झोप पडद्यातून येणाऱ्या उजेडाने, कूलरच्या आवाजाने आणि घरातल्या वर्दळीने तुटते. खिडकीला जाड काळा पडदा लावा. घरी येताना गॉगल घालायला सांगा, म्हणजे सकाळचं ऊन डोळ्यांवर पडून झोप उडणार नाही. ड्युटीच्या शेवटच्या चार-पाच तासांत चहा-कॉफी बंद करा, आणि सलग सहा-सात तास त्यांना कुणी उठवणार नाही असा घरात नियम करा. दोन आठवडे हे केल्यावरही ते दमलेलेच असतील तर जिनसेंगआधी त्यांचं हिमोग्लोबिन, बी१२ आणि थायरॉइड तपासा.

आईंचा प्रश्न राहिला. अश्वगंधेला बाहेर ‘इंडियन जिनसेंग’ म्हणतात खरं, पण ती वांगी-टोमॅटोच्या कुळातली, आपल्याकडे आस्कंद म्हणून ओळखतात ती. तिच्यात विथॅनोलाइड असतात, जिन्सेनोसाइड नाहीत. ताण आणि झोप यांवर तिचे लहान लहान अभ्यास बऱ्यापैकी आहेत, बहुतेक दोन-तीन महिन्यांचे, आणि वैद्यांच्या सल्ल्याने मुळाचं चूर्ण घेणाऱ्याला मी अडवत नाही. पण बाबांच्या बाबतीत इथेही माझं उत्तर नाही असंच आहे. तिनेही साखर खाली येऊ शकते, आणि मेकॅनिकल व्हॉल्व्ह व ॲसिनोकुमारॉल असताना कोणतीही नवी जडीबुटी मी सुरू करू देत नाही. तिच्या अर्काच्या कॅप्सूलनंतर कावीळ होऊन यकृताला इजा झाल्याच्या नोंदी वेगवेगळ्या देशांतून आल्या आहेत, आणि २०२३ मध्ये डेन्मार्कने तिच्यावर बंदीच घातली. इतवारीतल्या जडीबुटीच्या दुकानातून चूर्ण आणायचं झालं तर त्यात फक्त मूळ आहे ना, पानं दळलेली नाहीत ना, हे विचारून घ्या. पानं वापरू नका असं आयुष मंत्रालयानेच कंपन्यांना सांगितलेलं आहे.

शेवटी, आई स्वतः थायरॉइडची गोळी घेतात आणि बाबांच्या निमित्ताने आपणही अश्वगंधा सुरू करावी असं म्हणतात, असं तुम्ही ओझरतं लिहिलंय. अश्वगंधेने थायरॉइडचं संप्रेरक वाढू शकतं. गोळीचा डोस तोच ठेवून वर अश्वगंधा चढली तर छातीत धडधड, हात कापणं, वजन उतरणं सुरू होतं, आणि वयस्क माणसाच्या हृदयाची लय बिघडू शकते. त्यांना घ्यायचीच असेल तर आधी टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी करा, ज्यांनी थायरॉइडची गोळी दिली त्यांना विचारा, आणि सुरू केल्यास सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा करून गोळीचा डोस त्यांच्याकडूनच ठरवून घ्या. डोळे किंवा लघवी पिवळी दिसली, अंगाला खाज सुटली, भूक मेली तर त्याच दिवशी बंद करून लिव्हरची तपासणी करा.